थोरली, धाकटी आणि मामांचा स्क्रूड्रायव्हर

गॅरेजमध्ये काम केलेल्या माणसाच्या नखात थोडं ग्रीस कायमचं राहतं. रॉकेल लावा, साबण लावा, लग्नाला जाताना बायकोने ब्रशने घासून काढलं तरी राहतं. किश्शांचंही तसंच! काशीमीऱ्याचं गॅरेज सोडून मला बरीच वर्षं झाली. पण चार मित्र चहाला बसले आणि कुणी नव्या गाडीचं नाव काढलं, की माझं तोंड सुरू. चहा गार होतो आणि बायको आतून म्हणते, "झाली यांची थोरली-धाकटी सुरू!"

थोरली आणि धाकटी या बहिणी नव्हेत. एकाच परदेशी कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन गाड्या. दिसायला जीपसारख्या उंच, आतून पंचतारांकित हॉटेल, आणि पळायला लागल्या की रेसच्या गाड्या. थोरली आधीच्या पिढीची, धाकटी नंतरच्या. दोन्हींचे मालक एकच, जवळच्या मुर्धा गावचे गणेशशेठ. वडिलांची मिठागरं होती, मुलगा बांधकामात उतरला आणि दारात टेम्पोच्या जागी ही असली गाडी आली.

मी त्या गॅरेजचा वायरमन. आणि आमचे हेडमिस्त्री म्हणजे मामा. पोलादपूरचे. अख्ख्या काशीमीरा नाक्यावर त्यांना 'कानवाले मामा' म्हणायचे. का, ते आता सांगतो.

*

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. आमच्याकडे यायचे ट्रक, टेम्पो, फार तर एखादी जुनी टॅक्सी. एका सकाळी थोरली दारात येऊन उभी राहिली आणि सगळं गॅरेज बाहेर आलं! समोरच्या हॉटेलातला वेटर हातात ग्लास घेऊन रस्ता ओलांडून बघायला आला. चहा कुणाचा होता ते तो विसरला.

गणेशशेठ खाली उतरले. "मामा, कंपनीवाले बोलतात सगळं ओके. मला वाटतं गाडी मधेच एक श्वास चुकवते. तुम्ही टेम्पोच्या वेळेपासून बघताय, तुम्हीच बघा."

मामांनी आधी चपला काढल्या. मग हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेतला. त्याचं टोक इंजिनाच्या लोखंडावर टेकवलं, लाकडी मूठ दातात धरली आणि डोळे मिटले. बाकीचे मिस्त्री मूठ कानाला लावतात. मामा दातात धरायचे. आम्हाला वाटायचं, मोठ्या माणसाची स्टाइल!

पाच मिनिटं कुणी हललं नाही. मग मामांनी मूठ तोंडातून काढली, लुंगीला पुसली आणि म्हणाले, "चार नंबर. इंजेक्टर इंधन उशिरा टाकतो."

गणेशशेठ गाडी घेऊन परत कंपनीत गेले. तिकडे दोन दिवस मशीन लावून तपासलं आणि निघालं काय? चार नंबरचा इंजेक्टर! त्या दिवसापासून थोरली आमची झाली.

*

थोरलीची ताकद मी समुद्राकाठच्या चौक गावात बघितली. गणेशशेठचे वडील, आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो, त्यांना दर रविवारी ताजी मासळी लागायची. एकदा गाडीचा हॉर्न तपासायला म्हणून मीही बरोबर गेलो. किनाऱ्यावर मासळीचा टेम्पो वाळूत रुतलेला. बर्फ वितळत होता, दहा जण ढकलत होते, टेम्पो जागचा हलेना. पहाटेपासूनची मेहनत उन्हात चालली होती.

बाबा खिडकीतून म्हणाले, "बांध रे दोर."

"बाबा, एवढ्या महागाची गाडी!" मी घाबरलो.

"महागाची हाय म्हनून काय पूजेला बसवायची?"

दोर बांधला. थोरली एकदा घुमली, चारही चाकांनी वाळू धरली आणि भरलेला टेम्पो असा वर आला, की ढकलणारे दहाही जण तोंडावर पडले! बाबा खाली उतरले आणि त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. म्हणाले, "गारी न्हाय ही. बैल हाय बैल." तिथल्या एका मावशीने पापलेटाची जोडी गाडीच्या सीटवर ठेवली. महिनाभर तो वास एसीतून येत होता, पण बाबांनी तो घालवू दिला नाही.

*

मामांचा स्वभाव मात्र कडक. त्यांच्याशी पाठीमागून बोललेलं चालायचं नाही. "मागून कावकाव नको. समोर ये, तोंडाकडे बघून बोल!" नवीन आलेला प्रत्येक मिस्त्री पहिल्या आठवड्यात हा मंत्र शिकायचा. मोबाइल तेव्हा नुकते सगळ्यांच्या खिशात आले होते. गणेशशेठनी मामांना कौतुकाने एक आणून दिला, तो त्यांनी तसाच डब्यासकट मला दिला. "फोनवर गाडी बरी होत नाही. ज्याला गरज आहे तो येईल."

आणि हिंमत? एकदा दारासमोरच ट्रकचा टायर फुटला. आवाज असा, की मी स्टूलवरून पडलो, हॉटेलातले कप खळाखळा वाजले, एक रिक्षावाला रिक्षा तिथेच टाकून पळाला. मामा रस्त्याकडे पाठ करून नट आवळत होते. त्यांनी तो पूर्ण आवळला, मग वर बघितलं.

"एवढी धूळ कुठून आली रे?"

आम्ही कौतुकाने म्हणालो, माणसाचं काळीज असावं तर असं!

*

मग चार-पाच वर्षांनी धाकटी आली.

तिचं रूप काय वर्णावं! थोरलीचे कोपरे चौकोनी, हिचं सगळं अंग वळणदार. थोरलीला किल्ली फिरवायला लागायची, ही बटण दाबलं की सुरू. थोरलीचा हँडब्रेक ओढायचा, हिचा बोटाने दाबायचा. मागे घ्यायला लागलो तर पडद्यावर मागचा रस्ता दिसायचा. मी वायरमन माणूस, थोरलीच्या वायरींचा नकाशा मला पाठ होता. धाकटीचं एक पॅनल उघडलं आणि हात जोडून परत लावून टाकलं.

मामा ऑइल बघायला गेले. बॉनेटखाली डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, शोधतायत, शोधतायत, सापडेना. मी शोधली, शेठनी शोधली, अर्धं गॅरेज वाकून शोधायला लागलं. शेवटी बरोबर आलेला कंपनीचा इंजिनिअर विनीत म्हणाला, "मामा, हिला डिपस्टिकच नाहीये. ऑइल किती आहे ते ती स्वतः पडद्यावर सांगते."

मामा बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. "म्हणजे हिची नाडी बघायचीच नाही?"

तेवढ्यात मागून बाबा ओरडले. त्यांनी डिकी उघडून गालिचा उचलला होता. "अरे गणेश, फसवला तुला! चार चाकांची गारी दिली. पाचवा चाक कुठं हाय?"

विनीतने समजावलं, की हिचे टायर पंक्चर झाले तरी बरंच अंतर चालतात, म्हणून जादा चाक देतच नाहीत. बाबांना ते पटलं नाही. थोरलीचं जुनं स्टेपनी चाक काही महिने धाकटीच्या डिकीत फिरत होतं. बसणार नव्हतं, पण बाबांना झोप लागायची.

*

पूजेनंतर आठ दिवसांत धाकटी परत दारात. गाडी सुरू केली की आतून टीं टीं टीं! पडद्यावर लाल रेघ. समोर काहीतरी आहे म्हणे. समोर तर मोकळा हायवे! शेठ वैतागले, ड्रायव्हर म्हणाला बाहेरची बाधा आहे, बाबांनी नारळ उतरवला. टीं टीं चालूच.

विनीत लॅपटॉप घेऊन आला. तार लावली, बघितलं आणि म्हणाला, "सेन्सर शंभर टक्के बरोबर आहे. समोर खरंच वस्तू आहे."

सगळे समोर गेलो. नंबरप्लेटच्या बाजूला, बरोबर सेन्सरच्या तोंडासमोर, शेठच्या आईने बांधलेलं लिंबू-मिरची झुलत होतं! थोरलीने अशी शेकडो लिंबं नाक्यानाक्यावर मिरवली होती, तिला कधी कळलंही नव्हतं. हिला एक मिरचीसुद्धा दिसली. बाबांनी लिंबू सोडून हातात घेतलं आणि धाकटीकडे पहिल्यांदाच आदराने बघितलं. "नजर लावनाऱ्याला हीच बघून घेईल. लिंबू कशाला?"

*

आम्ही हसलो, पण मामा हसत नव्हते.

लॅपटॉपने पाच मिनिटांत सांगितलं होतं. त्याच दुपारी मामांनी धाकटीच्या इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. पण टेकवणार कशावर? वर, खाली, बाजूला सगळीकडे प्लास्टिकची झाकणं. त्यांनी मूठ दातात धरली, डोळे मिटले, जागा बदलली, परत मिटले. अर्धा तास गेला. बाजूला थोरली उभी होती, तिच्यावर टेकवून बघितला आणि चेहरा खुलला. परत धाकटीवर आले आणि चेहरा बंद.

मी समोर जाऊन विचारलं, "काय म्हणते?"

"काही नाही म्हणत. ही माझ्याशी बोलतच नाही रे."

त्या दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं, "थोरली होती तोवर मी होतो. ज्या दिवशी ही बिघडेल आणि मला कळणार नाही, त्या दिवशी हत्यारं भरून पोलादपूरला जाणार. उगाच गॅरेजमध्ये शोभेला नाही बसणार." मामांनी थट्टा केलेली मी कधी ऐकली नव्हती.  चौदा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली होती मी.

*

आणि तो दिवस आला. वर्षभरातच.

धाकटीत मागे बसलं की बाबांना काहीतरी लागायचं. शेठना जाणवत नव्हतं, ड्रायव्हरला जाणवत नव्हतं. बाबांचं एकच, "माझे पाठीला कलतंय, गारीच्या आत काहीतरी किरकिरतंय." विनीतने कंपनीत तीनदा तपासलं. लॅपटॉपवर सगळं हिरवं. चौथ्यांदा बाबा हट्टाला पेटले. "मना कानवाल्याकडं न्या!"

सकाळीच सगळे गॅरेजवर जमले. विनीतसुद्धा आला. मामींनाही मामांनी बोलावून घेतलं होतं. त्या हातात मोठी रिकामी पिशवी घेऊन बाकावर बसल्या. पिशवी कशाला, ते मला माहीत होतं. मी तिकडे बघायचं टाळलं.

धाकटी लिफ्टवर चढवली. गिअर टाकून चारही चाकं हवेत फिरवली. मामा खाली गेले. वर सगळं प्लास्टिक होतं, पण खाली चाकामागे लोखंड उघडं होतं. पहिल्या चाकामागे टोक टेकवलं, मूठ दातात, डोळे बंद. काही नाही. दुसरं चाक. काही नाही. तिसरं. मामांच्या कपाळावर घाम. विनीत मनगटावरचं घड्याळ बघायला लागला आणि मला त्याचा राग आला. चौथं, मागचं उजवं. मामा उभेच राहिले. मग परत पहिल्यापासून सगळ्या चाकांपाशी फिरले आणि परत चौथ्याशी येऊन थांबले.

मूठ दातातून काढली. "हे. बेअरिंग."

"शक्यच नाही," विनीत म्हणाला. "इतकी नवीन गाडी. आणि आवाज कुठे आहे? मला तर काहीच ऐकू येत नाही!"

"खोला," शेठ म्हणाले.

बेअरिंग काढलं. बाहेरून चकचकीत. मामांनी ते कटरखाली धरायला लावलं. दोन भाग झाले, पुसले आणि उन्हात धरले. आत पोलादी कडीवर राईच्या दाण्याएवढा एक खड्डा. एवढासा! बाबांनी डोळे बारीक करून बघितला आणि स्वतःच्या पाठीवर थाप मारली. "बोललो व्हतो का न्हाय?"

विनीत मात्र खड्ड्याकडे बघत नव्हता. मामा पाठ करून स्क्रूड्रायव्हर पुसत होते, तो त्यांच्याकडे बघत होता. त्याने लॅपटॉप मिटून ठेवला, वाकून मागूनच त्यांच्या पायांना हात लावायला गेला आणि म्हणाला, "मामा, एक सांगा. एवढ्या बारीक गोष्टीचा तुम्हाला आवाज तरी कसला आला?"

मामा पुसत राहिले.

"मामा?"

मामा पुसत राहिले.

बाकावरून मामी म्हणाल्या, "अहो, मागून काय विचारताय त्यांना? समोर जा. पंधरा वर्षं झाली, दोन्ही कानांनी काहीसुद्धा ऐकू येत नाही त्यांना. जे कळतं ते दातांना कळतं. तुम्हाला माहीत नाही?"

  मी मामींकडे बघितलं, शेठनी माझ्याकडे, विनीत वाकला होता तो तसाच राहिला.

मामा वळले. आमची सगळ्यांची उघडी तोंडं त्यांनी एकेक करून बघितली.

"काय झालं? नवीन बेअरिंग मागवा की! चाक बसवायचं नाही का?"

मग त्यांनी मामींच्या हातातली रिकामी पिशवी घेतली, झटकून जमिनीवर पसरली आणि धाकटीच्या चाकाचे पाचही बोल्ट तिच्यावर ओळीने मांडून ठेवले.