कलम एकोणीसमधली रुख्मिणी

बकाराम पेंटरने भिंतीवरच्या चित्रातल्या रुख्मिणीचं तोंड रागाने पुसलं, अशी कुजबुज आमच्या गावात आधी पानठेल्यावर झाली, मग घरोघरी. म्हणे दोघांचं जमलं होतं, तिने नाही म्हटलं, गड्याने चित्रावर सूड काढला. ही बातमी फिरवण्यात माझीही जीभ होती, खोटं कशाला बोलू. गाव झाडीपट्टीतल्या गोरेगावच्या अलीकडे आहे. नाव विचारू नका, सरपंच गुलाबचंद माझा मावसभाऊ लागतो.

बकारामचं आयुष्य झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवण्यात गेलं. जंगल, राजवाडा, तुरुंग. फ्लेक्स आले, पडदे गेले, ब्रश वाळले. मग संविधानाच्या पंचाहत्तरीला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नागरिकांचे हक्क चित्रांत काढायचं काम आलं. म्हातारा हरखला. चेहरे गावातल्याच माणसांचे हवेत, हा त्याचा हट्ट.

तिथेच फसला. आमच्याकडे भिंतीवर चेहरा चढतो तो मेल्यावर, हारासकट. "मले आत्ताच पाठवून राहिला का बे?" म्हणत जो तो उठून जाई. बसली ती एकटी रुख्मिणी, विधवा बाई.

"घरच्या भिताडावर नवरा लटकून राहिला, मी इथं लटकली तं का बिघडते?"

त्याने तिला कलम एकोणीसखाली काढलं, बोलण्याचं स्वातंत्र्य. हात वर, तोंड उघडं. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत ती तशीच उभी राहिली होती. "तलावाचं पाणी सरपंचाच्याच धानात काऊन जाते जी?" तेव्हा तिला दटावून खाली बसवलं होतं.

आता भिंतीवरून तिला कोण बसवणार? जाणारे-येणारे थांबत.

"का म्हणते बाई?"

"पाण्याचंच इचारून राहिली."

तिसऱ्या दिवशी गुलाबचंद आला. "बाईचं तोंड मिटव."

"तोंड मिटलं तं हक्क कोनता राहते, भाऊ?"

"मंग पुसून टाक. नाही तं तालुक्यात तुले दुसरं भिताड भेटनार नाही."

बकाराम ब्रश धरून उभाच राहिला. रुख्मिणी हातपंपावर होती. तिथूनच म्हणाली, "पुसा भाऊ. मले बसाची सवय आहे."

ती चित्रात अजून हात वर करून उभी आहे, नाकाखाली नुसता चुना. पुसूनही बकारामला पुढे भिंत मिळाली नाही. तो ओसरीवर बसतो, कोणाशी बोलत नाही.

त्या दोघांत कधी काही नव्हतं. तोंड सरपंचाने पुसायला लावलं, आणि बकारामने पुसलं.