रशियन पानावरच्या बाई

गिरगावातल्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर बाईंचा भाषेचा वर्ग आहे. बाहेरून मुंबईत आलेल्यांना त्या हिंदी आणि मराठी शिकवतात. एके काळी त्यांच्या दारात चपला ठेवायला जागा नसायची. मग लोक मोबाइलवरच शिकायला लागले आणि वर्ग ओस पडत गेला. "या वर्षी कोणी आलं नाही तर बंद करते," असं बाई मला म्हणाल्या. त्यांना मूलबाळ नाही. घरात त्या आणि त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, दोघंच. वर्ग गेला की बाईंना हाक मारणारे एकटे काका उरणार होते, आणि काका तर 'अगं' म्हणतात.

मी लोअर परळला एका ऑफिसात वेबसाइटचा मजकूर लिहिते. आमच्या इमारतीत खाली जिम आहे. तिथे शिकवणारी, कझाकस्तानातल्या अल्माटीची एक तरुणी माझी मैत्रीण झाली होती. ती घरी रशियन बोलते. तिच्याकडून कळलं, की दादर-परळच्या बाजूला रशियन बोलणारी थोडीफार मंडळी राहतात. कोणी नाच शिकायला आलेलं, कोणी नवऱ्याच्या नोकरीपायी. टॅक्सीवाल्याशी भांडता येईल इतपत हिंदी प्रत्येकाला हवं असतं. म्हटलं, बाईंच्या वेबसाइटला एक रशियन पान जोडून बघू या.

मी मशीनकडून भाषांतर करून घेतलं आणि मैत्रिणीला तपासायला दिलं. तिने 'सर्वोत्तम पद्धत', 'घरगुती वातावरण' वगैरे माझी सगळी आवडती वाक्यं बिनदिक्कत उडवली. तिचे प्रश्न वेगळेच होते. खोलीत किती जण बसतात? लिफ्ट आहे का? फी सरळ का लिहिली नाही, 'संपर्क साधा' कशाला? मला मजा वाटायला लागली. आपण कौतुक लिहितो आणि वाचणाऱ्याला जिना किती चढायचा ते हवं असतं.

मग ती शिक्षकांच्या फोटोंपाशी थांबली आणि म्हणाली, "वडील आणि मुलगी मिळून शाळा चालवतात, किती छान!"

मी चक्रावले. पानावर बाईंचं पूर्ण नाव होतं, म्हणजे मधे काकांचं नाव. शेजारी 'व्यवस्थापक' म्हणून पांढऱ्याशुभ्र केसांचे काका. बाई केस रंगवतात. मैत्रिणीने सांगितलं, की त्यांच्याकडेही नावापुढे वडिलांचं नाव असतं, अगदी आपल्यासारखं, आणि शिक्षिकेला हाक मारायची ती दोन्ही नावं जोडून. नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे उद्धटपणा.

"लग्न झालं की आमच्याकडे मधे नवऱ्याचं नाव येतं," मी म्हटलं.

"मग वडील कुठे जातात?"

तिने अगदी साधेपणाने विचारलं. माझ्या स्वतःच्या आधार कार्डावर नवरा आहे आणि पॅनवर वडील. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि एरवी नको तिथे चौकशा करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

संध्याकाळी वर जाऊन सगळी हकिकत सांगितली. काका खो खो हसले. "अगं, मलाही तुझा तो डबा दे. केस रंगवायला हवेत." बाईही हसल्या. मी वडिलांचं नाव विचारलं, त्यांनी ते लगेच सांगितलं. मी त्यांच्या नावापुढे टाइप करून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि त्यांचं हसू थांबलं.

"ही कोण?"

"तुम्हीच की."

"नाही गं. या नावाची मुलगी माझ्या बाबांना नव्हतीच."

लग्नात बाईंचं पहिलं नावही बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून काकांनी अंगठीने नवीन नाव लिहिलं, आणि जुनं लालबागला माहेरी राहिलं. बाबा मालवणकडचे, गिरणीत कामाला. पाळी संपवून आले की गॅलरीच्या टोकावरून लेकीला हाक मारायचे, आणि ही खाली चौकात खेळत असेल तिथून ओरडून 'ओ' द्यायची. ते गेल्यावर त्या नावाने हाक मारणारं कोणी राहिलं नाही.

इतकी वर्षं मी यांच्या घरी चहा पितेय आणि मला हे ठाऊक नव्हतं. राहवेना म्हणून विचारलं, "काय होतं नाव?" बाईंनी आधी काकांकडे पाहिलं आणि मग हळूच सांगितलं, जणू शेजारच्या मुलीचं सांगताहेत. ते मी इथे लिहिणार नाही. त्यांचं त्यांच्याकडेच राहू दे.

"जाऊ दे, नुसतं 'बाई' लिही," त्या म्हणाल्या.

काका चहा घेऊन आले होते. ते म्हणाले, "आईने सांगितलं नि मी लिहिलं तांदळात. हिला विचारायचं तेव्हा डोक्यातही आलं नाही."

"मला आवडलं होतं हो तेव्हा. नवं कोरं होतं."

"असेल. पण रशियन पानावर माझं काय काम? तिथे तुझे बाबा येऊ देत. मी आहे की शेजारी, व्यवस्थापक." एवढं बोलून ते बिस्किटं आणायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि त्या म्हणाल्या, "लिही. जुनंच नाव."

मैत्रिणीने बाबांच्या नावाला मुलीसाठी लावतात ते रशियन शेपूट जोडलं आणि पान लागलं. पुढचे काही दिवस बाई मला जिन्यात गाठून इकडचं तिकडचं विचारायच्या आणि शेवटी सहज म्हणून, "कोणी बघतं का गं ते?"

एका रविवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली चौकात एक उंच, सोनेरी केसांची मुलगी हातात चॉकलेटचा खोका घेऊन उभी होती. कुठला जिना ते तिला कळत नव्हतं. शेवटी तिने मान वर करून खणखणीत आवाजात हाक मारली. आधी बाईंचं माहेरचं नाव, मग शेपटासकट बाबांचं.

गॅलरीत डोकी बाहेर आली. समोरच्या वहिनी खाली वाकून म्हणाल्या, "इधर इस नाम का कोई नहीं रहता."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून, घराच्या पार आतून, मोठ्ठ्याने आवाज आला.

"ओ!"