जुनं, पण कोरं

दुबईतल्या लोकांना पाहुण्यांना उंच इमारती दाखवायची हौस असते. मी माझं काचेचं कपाट दाखवते. अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या शेजारी ते उभं आहे, आणि त्यातली एकही वस्तू मॉलमधून आलेली नाही. मधाच्या रंगाच्या फ्रेंच काचेच्या प्लेट्स कलब्याच्या, गुलाबांची इंग्लिश किटली धैदची, आणि तळाला 'मेड इन जपान' असा शिक्का असलेले सहा कप खोर फक्कानचे. गावं लहान, तिथली जुन्या सामानाची दुकानं त्याहून लहान. कुणी देश सोडून जातं, कुणाची आजी वारते आणि सुना घर आवरायला काढतात, मग हे सगळं फ्रिज-गाद्यांबरोबर तिथे येऊन पडतं. दुकानदाराला फ्रिजची किंमत कळते, कपाची कळत नाही. मला कळते. हे मला नम्रपणे सांगता येत नाही, कारण ही नजर मी उन्हातान्हात भटकून कमावली आहे.

नवरा याला भंगार म्हणतो. मी मनावर घेत नाही. पाहुणे आले की कपाटातला दिवा तोच लावतो.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या. सासऱ्यांना विमानाचं वावडं, म्हणून एकट्याच. आमच्या अख्ख्या नात्यात भांड्यांची पारख त्यांच्याइतकी कुणाला नाही. कुणाचं लग्न ठरलं की रुखवताची भांडी घ्यायला पुण्यात त्यांनाच घेऊन जातात. त्यामुळे पहिल्या दिवशी मी मुद्दाम जपानी कपात चहा दिला. त्यांनी कप उचलला, फिरवून पाहिला आणि कुठून घेतलास म्हणून विचारलं. मीही अभिमानाने सगळं सांगून टाकलं.

कप तसाच बशीत परत गेला. "कुणी काय काय खाल्लं-प्यायलं असेल यातून," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा चहा त्यांनी आणलेल्या स्टीलच्या पेल्यात. भांडण नाही, टोमणा नाही. पण तो पेला रोज सकाळी माझ्या नाकाला मिरच्या झोंबवायचा. आठवडाभरात मला कळून चुकलं की बाकी कुणी काही म्हणो, या बाईंनी एकदा माझ्या कपातून चहा प्यायला हवा. त्यांची शाबासकी मिळाली नाही तर माझ्या पारखीला काही अर्थ नाही, असं मला अगदी मनापासून वाटायला लागलं.

तशात संक्रांत आली. इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपमध्ये हळदीकुंकवाला वाण म्हणून दरवर्षी प्लास्टिकचे डबे लुटले जातात. त्या वर्षी मी जाहीर करून टाकलं होतं की माझ्याकडे प्रत्येकीला जुनी कप-बशी मिळेल. उन्हाळ्यापासून एकेक जमवत होते. सासूबाईंनी ती खोक्यात मांडलेली पाहिली आणि शांतपणे विचारलं, "वापरलेलं वाण देतात का गं कुठे? सवाष्णीच्या हातावर कोरी वस्तू ठेवायची असते."

हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? हौसेच्या भरात डोक्यातच आलं नाही. आता दिलेला शब्द मागे घ्यायचा, नाहीतर सासूबाईंच्या देखत रीत मोडायची. लेक म्हणाली, "मॉम, जस्ट बाय न्यू वन्स." नवी मांडायची असती तर इतका गाजावाजा कशाला केला असता? मला हवं होतं ते जुनं, पण कोरं.

शनिवारी गाडी काढली. सासूबाई घरी एकट्या कंटाळतील म्हणून त्यांनाही घेतलं. डोंगरातले बोगदे संपले, खाली समुद्र आणि बंदरातल्या क्रेन दिसल्या, तोवर आम्ही फक्त हवेबद्दल बोललो होतो. खोर फक्कानचा माझा दुकानदार म्हातारा मल्याळी आहे. त्याला मी सांगितलं, "चाचा, पुराना माल चाहिए, मगर नया." त्याला काही कळेना. मग सासूबाईंकडे बोट दाखवून मी वाणाची सगळी रीत हिंदीत समजावली. त्या धुळीला बिचकून उंबऱ्यातच उभ्या होत्या.

त्याने बराच विचार केला आणि पोऱ्याला माळ्यावरून एक कार्टन खाली काढायला लावलं. बंद पडलेल्या एका बकाल्यातलं, म्हणजे किराणा दुकानातलं, न विकलेलं सामान. चिकटपट्टी पिवळी पडलेली, कुणी उघडलेली नव्हती. आत पेंढा, आणि पेंढ्यात कप-बश्या. दुधी रंगावर तपकिरी आणि नारिंगी फुलं, आता कुणी काढणार नाही अशी.

सासूबाई उंबरा ओलांडून आत आल्या. मी एक कप उजेडात तिरका धरून त्यांना दाखवलं की वापरलेल्या कपात आत चमच्याचे बारीक ओरखडे असतात आणि बुडाची खरखरीत कड काळवंडलेली असते. इथे दोन्ही नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या आणि एकेक कप तसाच तिरका धरून बघत गेल्या. चाचा एका कप-बशीला पाच दिरहमवर अडून बसला, मी तीन म्हणत होते. सासूबाईंनी हातातला कप पेंढ्यात ठेवला, पदर खोचला आणि सरळ गाडीकडे निघाल्या. "यल्ला, खलास, तीन," चाचा मागून म्हणाला. तीन दिरहम म्हणजे सत्तर-पंचाहत्तर रुपये, त्यांनी मोठ्याने हिशोब केला, एवढ्यात पुण्यात डबासुद्धा येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा पुन्हा पेल्यातच घेतला.

हळदीकुंकवाला घर काळ्या साड्यांनी भरलं. वाण हातात पडल्यावर बायका खूश झाल्या. मोहम्मद बिन झायद सिटीहून आलेल्या एकीने मात्र कप उलटा करून बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वहिनी, हे तुमच्या त्या सेकंड हँड दुकानातलंच ना? कुणीतरी युज केलेलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "वाण कोरं आहे. एकेक कप मी माझ्या हाताने पारखून घेतलाय."

"मग कपाटातले?"

"ते वापरलेले. मी आल्यापासून चहा त्यातूनच पिते."

त्या इतकं सहज खोटं बोलू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अगं, माझा चहा राहिलाच की. आण नेहमीच्या जपानी कपातून."

मी आणला. सगळ्या बघत असताना त्या सावकाश चहा प्यायल्या, अगदी शेवटच्या घोटापर्यंत. मग रिकामा कप दिव्यासमोर धरून मागे आपलं बोट धरलं. पातळ चिनी मातीतून बोटाची सावली दिसत होती.

"दिसलं? असं सापडत नाही कुठे," सासूबाई त्या बाईंना म्हणाल्या. "पारख लागते. माझ्या सुनेला आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून थोडी रडून घेतली. मग डोळे पुसून बाहेर आले, कपाट उघडलं आणि उरलेले पाचही कप काढत विचारलं, अजून कुणाकुणाला चहा हवाय.