नवा तारा होत नाही
परवा देवळातल्या सप्त्यात मोठ्या पातेल्यात खिचडी शिजत होती, त्या वासानं वस्तीवरची शाळा आठवली. तिथं मी पोरांसाठी खिचडी करायचे. पहिलीत एकही पोर उरलं नव्हतं आणि जूनपर्यंत कोणी आलं नाही तर शाळा बंद होणार होती. त्या उन्हाळ्यात गुरुजींनी उरलेली पोरं खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या बघायला नेली, मलाही नेलं. ऊन रणरणत होतं, तारांच्या जाळीतून वारा वाजत होता. तिथली एक मुलगी सांगत होती, की मोठमोठ्या आकाशगंगांच्या मधोमध कृष्णविवर असतं. काहींत ते भोवतालचं गिळायला लागलं, की त्याच्यापासून एवढा जोर बाहेर सुटतो की लांबलांबचा वायू तापलेलाच राहतो, आणि गार झाल्याशिवाय वायूचा तारा होत नाही. “म्हंजी थितं नवा तारा व्हतच न्हाई?” मी विचारलं. “जवळजवळ नाहीच, आजी. जुने तेवढे राहतात, तेही एकेक विझतात.” “मग आमची शाळाच की ही,” गुरुजी म्हणाले. “पोरं आहेत, पण सगळी पिवळ्या गाडीनं नारायणगावच्या इंग्रजी शाळेला.” मुलगी हसली, गुरुजी हसले नाहीत. परतताना टेम्पोत त्यांनी विचारलं, “आजी, नातवाचं काय ठरलं?” मी म्हणाले, “ल्योकानं तिकडंच नाव घातलंय.” “बरं केलं,” म्हणाले आणि बाहेर बघत बसले. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. नातू चांगला शिकतोय, शिकला की तोही गाव सोडून जाईल. मी ते मनाला लावून घेत नाही, घेऊन काही उपयोग नाही.