कादंबरी आणि पंधरा दिवसांचा नियम

शिक्षकांच्या खोलीतले किस्से न तपासलेल्या वह्यांसारखे साठतात. एकाला हात घालावा, तर दहा अंगावर येतात! आमची शाळा मुळशी तालुक्यातली आणि काळ ऐंशीच्या आसपासचा. मी तिथं नवी होते, प्रोबेशनवर. मारुंजीच्या बौद्धवाडीतून मास्तरीण झालेली पहिली मुलगी मीच, त्यामुळे आई वस्तीभर सांगत सुटली होती, "आमची पोरगी औंदा पर्मनंट व्हणार!" नव्या बाईच्या गळ्यात ग्रंथालय मारायचं ही आमच्या शाळेची रीत. म्हणून पुढचं सगळं माझ्याच कपाटातून सुरू झालं.

* * *

त्या वर्षी पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक कादंबरी आली. कव्हरवर शाळेची घंटा बघून हेडमास्तरांनी न वाचताच शिक्का मारला. आत निघालं भलतंच! एका शाळेत मोठी पोरं एका लहानग्याला रोज बडवतात, मास्तर लोक दुसरीकडे बघतात, आणि गणिताचा मास्तर त्यालाच वर आणखी दोन ठेवून देतो.

प्रत एक आणि आम्ही सात. म्हणून मधल्या सुट्टीत मी मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी डबे खात ऐकायचं असं ठरलं. वाचता वाचता मला जेवता यायचं नाही, म्हणून प्रत्येकाने आपल्या डब्यातला थोडा वाटा माझ्यासाठी काढायचा. साहित्याने माणूस समृद्ध होतो म्हणतात. मी तरी महिन्याभरात चांगली गुटगुटीत झाले!

* * *

तीन प्रकरणं झाली आणि एकेक जण मला एकटीला गाठू लागला. ड्रिलचे सर म्हणाले, "बाई, या लेखकाला माझं नाव कुणी कळवलं?" मराठीच्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, "तो कान पिळायचा प्रसंग माझाच आहे हो!" हेडमास्तरांनी तर लेखक आपला माजी विद्यार्थी आहे का, ते जुन्या रजिस्टरात शोधलं.

शंका आली नाही ती फक्त गणिताच्या शितोळे सरांना. त्यांच्या तासाआधी अख्खी आठवी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. ते भाकरी मोडत हसले आणि म्हणाले, "काय एकेक मास्तर असतात बघा!"

आम्ही सगळ्यांनी एकदम डब्यात माना घातल्या.

* * *

छडीसाठी आमच्याकडे पाळी असायची. दर सोमवारी वर्गातल्या एकाने ओढ्यावरून निरगुडीचा ताजा फोक तोडून आणायचा. मार खाणाऱ्यानेच हत्यार आणायचं, आणि यात काही वावगं आहे असं मलाही तोवर वाटलं नव्हतं! त्या सोमवारी आठवीतली सुशीला फोक घेऊन आली, तेव्हा मी म्हटलं, "मला नको. यापुढं आणू नका."

ती दारातच थबकली. "म्हंजे बाई, तुमी आता हातानंच मारणार व्हय?"

मला रागही आला आणि लाजही वाटली. लाज जास्त.

* * *

मग आलं बावन्नावं पान. गणिताचा मास्तर त्या पोराच्या कानाखाली लगावतो, आणि त्या दिवसापासून पोराला त्या कानाने ऐकू येत नाही. एवढं वाचून मी थांबले.

"लेखक लोक वाढवून लिहितात," ड्रिलचे सर म्हणाले.

"कमी करून लिहिलंय," कुलकर्णीबाई ताडकन म्हणाल्या.

शितोळे सर अर्धी भाकरी तशीच ठेवून बाहेर निघून गेले.

* * *

आमचं वाचन खिडकीबाहेर पोरं ऐकतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. संस्थेच्या चेअरमनचा पुतण्या दहावीत होता. लहान पोरांना ओढ्यात ढकलणं हा त्याचा रोजचा उद्योग. एक दिवस सुशीलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं, "ढकल की! तुजं समदं पुस्तकात छापून आलंय!"

तो घरी जाऊन ढसाढसा रडला. दुसऱ्याच दिवशी चेअरमनचं पत्र आलं. पुस्तक शिस्तीला बाधक आहे, ते ताब्यात घ्यायला मी स्वतः येतो, कांबळेबाईंच्या पर्मनंटच्या ऑर्डरचं नंतर बघू. कांबळेबाई म्हणजे मी!

* * *

पत्र वाचून मी पुस्तक कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. कुलकर्णीबाईंनी मात्र भिंतीवरच्या नियमांकडे बोट दाखवलं. 'वाचकाने नेलेले पुस्तक पंधरा दिवसांच्या आत परत मागता येणार नाही.' खाली सही खुद्द चेअरमनची! बाईंनी लगेच पुस्तक स्वतःच्या नावावर घेतलं. पंधरा दिवसांनी ड्रिलच्या सरांनी घेतलं. त्यानंतर चक्क हेडमास्तरांनी. "टाका माझं नाव, काय व्हायचं ते होऊ दे!"

चेअरमन तीनदा आले आणि तीनदा स्वतःचाच नियम वाचून परत गेले.

* * *

चौथ्या पाळीला सकाळीच शितोळे सर कपाटापुढे येऊन उभे राहिले. रजिस्टरात सही केली आणि पुस्तक घेऊन गेले. मी म्हटलं, गेलं पुस्तक आणि गेली ऑर्डर!

आठवड्याने चेअरमन आले. रजिस्टर बघून खूश झाले. "शितोळे! तुम्ही शिस्तीचे माणूस. आणा ते इकडं."

"वाचून व्हायचंय."

"किती झालं?"

"बावन्नाव्या पानावर हाय."

"आठवड्यात बावन्न पानं?"

"पुडं जाववत न्हाई, साहेब." शाळेत त्यांच्या तोंडून गावाकडची बोली आम्ही पहिल्यांदा ऐकली. "मुदत संपली की परत माजंच नाव टाका, बाई. आन् साहेब, बाईंची ऑर्डर अडवायची असंल, तर माजा राजीनामा बी संगंच घ्या."

तासाची घंटा झाली. पुस्तक घेऊन ते आठवीवर गेले. दहावीच्या परीक्षा तोंडावर, गणिताला दुसरा माणूस नाही. हेडमास्तरांनी माझी ऑर्डर हळूच चेअरमनपुढे सरकवली आणि पेनचं टोपण काढून दिलं.

चेअरमन सही करत असतानाच आठवीच्या वर्गातून शितोळे सरांचा आवाज यायला लागला. ते पोरांना बावन्नावं पान वाचून दाखवत होते.