तीन कीबोर्ड आणि गाडीभर वांगी

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगतो. फक्त आधी चहा संपवा. मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

मी टंकलेखक होतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर आमच्या घरी पाच मिनिटं बसा, मी सांगतोच. मराठी टायपिंगची परीक्षा मिनिटाला चाळीस शब्दांनी पास. पुढे बत्तीस वर्षं कचेरीत खटखट केली. साहेबांचं वाक्य संपायच्या आत माझा पूर्णविराम पडलेला असायचा. आणि असा हा माणूस गेले चौदा महिने मोबाईलवर एक साधा निरोप टाइप करू शकला नव्हता.

निरोप होता अक्काला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, धुळ्याला असते. झालं काय, मुलाच्या लग्नात मी शहाणपणा केला. जळगावहून धुळ्याला जायचं, कुंकू-अक्षता लावून बोलावणं करायचं, ते सोडून पत्रिकेचा फोटो पाठवून दिला. तोही एकदाच. आता अक्काचा जन्माचा कायदा असा की, एकदा सांगितलं तर तो निरोप, दोनदा सांगितलं तर रीत, आणि तीनदा सांगितलं तरच बोलावणं. ती लग्नाला आली, भाच्याला हळद लावली, आहेर ठेवला आणि पंगतीला न बसता निघून गेली. त्यानंतर आमच्या घराची पायरी चढली नाही. फोन केला की स्वतःच उचलून सांगायची, "अक्का घर मा नही."

म्हणून लिहायचं ठरवलं. रोज दुपारी मोबाईल घ्यायचो, 'अक्का,' एवढं लिहायचो, स्वल्पविराम द्यायचो आणि अडकायचो. चुकलं म्हणायला जीभ रेटत नाही, बोटंही रेटत नाहीत, असं माणूस स्वतःला कसं सांगेल? मी निदान केलं की कीबोर्ड खराब आहे.

"अहो, पण बोटं तीच ना?" आमची मंदा म्हणाली.

बायकोला तांत्रिक बाबी कळत नाहीत, असं मी मनात म्हटलं. मनातच.

मग मी तीन कीबोर्ड उतरवून घेतले. पहिल्यात क ख ग ओळीने मांडलेले, बाराखडीच्या तक्त्यासारखे. दुसऱ्यात इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मराठी उमटायचं. तिसऱ्यापुढे नुसतं बोलायचं, तो लिहून घेणार, म्हणजे साहेबाच्या खुर्चीत बसायची माझी हौस फिटणार. आता तीन उमेदवार म्हटले की परीक्षा आली. परीक्षा म्हटली की नियम आले. उतारा तिघांना एकच, घड्याळ लावायचं, चुका लाल शाईने मोजायच्या.

उतारा मीच रचला: 'येत्या रविवारी सकाळी पिंप्राळ्यातील आमच्या घरी भरिताचा बेत आहे. ज्येष्ठ-कनिष्ठ सर्वांनी सहकुटुंब अवश्य यावे.' बघा, यात 'ज्ये' आहे, 'ष्ठ' आहे, 'श्य' आहे. कीबोर्डची हाडं खिळखिळी होतील असा मजकूर. शिवाय थंडीचे दिवस होते आणि भरीत माझ्या डोक्यात होतंच.

मोबाईलमध्ये स्वतःलाच निरोप पाठवायची सोय असते. परीक्षा तिथे घ्यायची होती, आणि ती जागा यादीत सगळ्यात वर होती. पण मी घड्याळ लावत होतो तेवढ्यात आमच्या चुलतभावाने, मुक्ताईनगरच्या नानाने, 'भाऊबंद' नावाच्या, लेकी-बहिणींसकट आमच्या सगळ्या घराण्याच्या गटावर सुप्रभाताचं फूल टाकलं. दुपारी अडीचला. त्यामुळे गट सरकून वर आला आणि मी सवयीने सगळ्यात वरच्या नावावर बोट ठेवलं. न बघता. टंकलेखक बघत नाही, तीच तर आमची विद्या.

पहिल्याला चार मिनिटं लागली. दुसऱ्याला अडीच. तिसऱ्यापुढे मी डिक्टेशन दिल्यासारखं खणखणीत बोललो, तो अर्ध्या मिनिटात मोकळा. मग चुका मोजायला चष्मा लावला आणि वर नाव वाचलं. भाऊबंद. एक्केचाळीस सभासद.

घाम फुटला. पण बत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस डगमगत नाही. तिन्ही निरोप दाबून धरले, पुसा म्हटलं, मोबाईलने काहीतरी विचारलं, मी न वाचताच हो म्हटलं. पुसले गेले. समोर पाटी कोरी. मंदाला सांगायची गरजच उरली नाही.

संध्याकाळी गटावर बघतो तर अंगठेच अंगठे. पाच, अकरा, सतरा. मला वाटलं, नानाच्या फुलाला आहेत. एवढं काय त्या फुलात? तरी भावाचं कौतुक म्हणून मीही एक अंगठा टाकला.

दुसऱ्या दिवशी नानाचा फोन आला. "भाऊ, रविवारले वांगे किती आनू?"

नानाचं वांग्यांचं शेत आहे. शहरात येणार असेल, आठवणीने विचारतोय बिचारा, असं मला वाटलं. मी लाडात येऊन म्हणालो, "आण की गाडीभर."

तर रविवारी सकाळी मी बनियनवर दात घासतोय आणि दारात छोटा टेम्पो उभा. त्यातून नाना उतरला, चार पोती वांगी उतरली, ती भाजायला तुरकाठ्यांचे भारे उतरले. मागून रिक्षा, तिच्यामागे दोन स्कूटर. चुलते, चुलत्या, सुना, नातवंडं. कोणी हिरवी मिरची आणली, कोणी लसूणपात, कोणी वांगी ठेचायला लाकडी बडगी डोक्यावर घेऊन आलं.

मंदा दारात आली. तिने माणसांकडे पाहिलं, वांग्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. तो कटाक्ष तुम्हाला शब्दांत सांगता येणार नाही, कोणत्याही कीबोर्डवर.

"नाना," मी हळूच म्हटलं, "मी तर ते पुसलं होतं."

नानाने आपला मोबाईल पुढे केला. तिन्ही निरोप ओळीने, जसेच्या तसे. "तुह्या मोबाईलमधून पुसलं असशील, भाऊ. आमच्या मोबाईलात आहे ना."

मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात गल्लीच्या टोकाला रिक्षा थांबली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात भाकरीसाठी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचा डबा. अक्का.

सगळे हातातलं सोडून उभे राहिले. तिचा रुसवा सगळ्यांना ठाऊक होता. अक्का सरळ चालत आली, पायरीशी थांबली आणि नानाकडे बघत, मला ऐकू जाईल अशी बोलली, "तीन येळा बलावं भो त्यानी. मंग येनं पडस."

आणि पायरी चढली. मग मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "आते बठ्ठा उभा कसाले शेतस? वांगा भाजा."

सांगा, आता मी काय कबूल करणार होतो? चाचणी होती म्हणू? मी गुपचूप तुरकाठ्या पेटवल्या. धुराने डोळ्यांत पाणी आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. मंदाने पदर खोचला, अक्काने कळणा मळायला घेतला आणि चौदा महिन्यांनी दोघी एकाच चुलीपाशी बसून माझी निंदा करू लागल्या. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

अक्का पंगतीला बसली. दोनदा भरीत मागून घेतलं.

जेवणं झाल्यावर ओट्यावर आम्ही दोघंच होतो. माझ्या पोटात भरीत राहिलं, पण गुपित राहीना. मी म्हटलं, "अक्का, एक खरं सांगू? ते बोलावणं नव्हतं. मी कीबोर्ड तपासत होतो."

"माले माहीत शे," ती म्हणाली. "तू जिंदगीत कव्हय 'अवश्य' म्हने का कोनले?"

"मग आलीस कशी?"

तिने हात पुढे करून माझा मोबाईल मागितला, चष्मा वर सरकवला आणि स्वतःचं नाव शोधून उघडलं. खालच्या चौकटीत माझं चौदा महिन्यांचं साहित्य तसंच पडलं होतं. 'अक्का,'

तिने ते वाचलं. "इतलंच?"

"पुढचं लिहिता येत नव्हतं. चुकलं माझं, अक्का."

ते शब्द तोंडातून कसे पडले, मलाही कळलं नाही. अक्काने मान हलवली, अंगठा उचलला आणि तो निरोप स्वतःच पाठवून दिला. तिच्या पिशवीत तिचा मोबाईल वाजला. तिने तो सावकाश काढला, वाचला आणि माझा मोबाईल माझ्या हातात परत ठेवला.

"निरोप वना," ती म्हणाली. "एक झाया. आखो दोन धाड."

मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो आणि आणखी दोनदा 'अक्का,' लिहिलं, शाळेत उभं केल्यासारखं, एकेक अक्षर बघून. कीबोर्ड तिघांपैकी कोणता होता, ते पाहायचं राहूनच गेलं.