पंगतीत पसरलेला पाय

नागाबाईचं पंगतीशी जुनं वैर. लग्न असो, बारसं असो, पानं मांडायला घेतली की ही बाई पदर खोचून वाढायला उभी. "तुम्ही बसा, मी मागून बसते," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि मागून म्हणजे सगळे हात धुऊन सुपारी चघळायला लागले की, चुलीपाशी, एखाद्या पालथ्या डब्यावर. लोक म्हणायचे, काय सोशिक बाई आहे! सोशिक कसली? तिला मांडी घालता येत नाही, एवढंच. डावा पाय खुब्यातून वळतच नाही, बसली की समोर पसरतो. आणि पंगतीत पाय पसरून बसलेल्या बाईकडे आपले लोक कसे बघतात, ते काय वेगळं सांगायला पाहिजे?

सेहेचाळीस वर्षांची ही नागाबाई लातूरला लहान मुलांच्या हाडांच्या एका दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीत कामाला आहे. माहेर निलंग्याच्या अलीकडचं, चार एकरवाल्यांचं. लागली ती झाडू मारायला. पण खोलीत लेकरू रडायला लागलं की हिच्या हातातला झाडू बाजूला पडायचा, आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळून चुकलं की झाडणारी दुसरी मिळेल, लेकरू गप करणारी मिळायची नाही.

खोलीचा मालक रामलिंग. म्हणजे पगारी टेक्निशियनच, पण तोरा मालकाचा. उदगीरकडचा, घरात कानडी, दवाखान्यात मराठी, आणि किरणांच्या बाबतीत मुलखाचा चिकट. "चिठ्ठीवर लिहिलंय तेवढाच फोटो, आन् एकदाच. लेकराच्या अंगावर उगा एक किरण बी पडायचा न्हाई," हा त्याचा मंत्र. लेकरू हललं की फोटो वाया, फोटो वाया गेला की पुन्हा किरण. म्हणून त्याला नागाबाई लागायची. लेकराला धरायचं काम तिचं नव्हे. ते आई नाहीतर बाप करायचे, शिशाचा जड कोट घालून. नागाबाई फक्त बोलायची. पंजाचा फोटो असला की "मांजर हो." पाठीचा कणा असला की "पाल हो, भिंतीला चिकट." दोन्ही खुबे असले की "बेडूक हो," म्हणजे उताणं पडून तळव्याला तळवा लावायचा आणि गुडघे दोन्हीकडे खाली सोडायचे. रडणारं पोरसुद्धा बेडूक व्हायला तयार असतं. मोठ्या माणसांना हे सुचत नाही, कारण मोठ्या माणसांना अक्कल जास्त.

तिच्या स्वतःच्या पायाची गोष्ट अशी. सात वर्षांची असताना डावा गुडघा दुखायला लागला. आईनं तेल चोळलं, मग बिब्बा घातला, त्याचे काळे डाग अजून आहेत. मामाच्या लग्नात ही पंगतीत पाय पसरून बसली, तर आईनं सगळ्यांदेखत गुडघ्यावर पळी हाणली. "मांडी घाल! काही रीतभात?" शेवटी निलंग्याला गुडघ्याचा फोटो काढला. गुडघा ठणठणीत निघाला. झालं, त्या दिवसापासून घराचं एकमत, पोरगी नाटकं करते. पुढं दुखणं थांबलं, पाय मात्र दीड इंच आखूड राहिला. बघायला आलेल्यांपैकी तिघं तिची चाल पाहून चहा न पिता गेले. चौथा ग्यानोबा. तो म्हणाला, "मला काय शर्यतीत पळवायची हाय का?" आणि दोनदा चहा प्याला. आज तो लातुरात रिक्षा चालवतो, आणि शर्यतीचा विनोद अजून करतो.

पायाचं खरं कारण तिला कळलं ते अकरा वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्याच दिवशी. दवाखाना उज्वला मॅडमचा. त्यांनी तिला झाडू घेऊन येताना पाहिलं आणि खुब्यांचा फोटो काढायला लावला. उजवीकडे मांडीच्या हाडाचा गोळा लिंबासारखा गोल, डावीकडे अंगठ्यानं दाबलेल्या पेढ्यासारखा. "गुडघा निर्दोष होता, नागाबाई," मॅडम म्हणाल्या. "खुब्याकडून येणारी नसच गुडघ्याकडं जाते. लहान मुलांत कितीदा खुबा दुखतो आणि रडतो गुडघा." आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. नागाबाईला तिचा राग आला नाही, फार तर हा फोटो तिला दाखवता आला असता तर बरं झालं असतं, एवढं वाटलं. कीव आली ती गुडघ्याची. बिचाऱ्यानं फुकट पळी खाल्ली, बिब्बा खाल्ला.

आता शिवमची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी, पोळा होऊन गेल्यावरचा एक बुधवार. बुधवारी मॅडम नांदेडच्या दवाखान्यात असतात. जळकोटजवळच्या खेड्यातून श्रीमंत आणि गीतांजली हे शेतकरी नवरा-बायको सहा वर्षांच्या पोराला घेऊन आले. चिठ्ठी जळकोटच्या डॉक्टरची, उजव्या गुडघ्याचा फोटो. पोरगं बापाच्या खांद्यावर, त्यामुळं त्याची चाल नागाबाईनं पाहिलीच नाही. आडवा फोटो काढायला कुशीवर वळवलं तेव्हा ते कण्हलं. नागाबाईला वाटलं, यंत्राला भ्यालं. फोटो स्वच्छ आला. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरनं पाहून सांगितलं, हाड चांगलं आहे, मुका मार असेल, आठ दिवस गोळ्या द्या. श्रीमंतचा जीव भांड्यात पडला. तो गोळ्या आणायला गेला, आणि गीतांजलीनं व्हरांड्यात फडकं अंथरून डबा सोडला. दोनच्या एसटीनं परत जायचं होतं.

नागाबाई तिथूनच चालली होती. मागून आवाज आला, "मांडी घाल की नीट! काय पाय पसरून बसलास? मान्सं बघायलेत!" आणि पाठोपाठ चापट.

तिनं वळून पाहिलं. पोराच्या हातात भाकरीचा तुकडा, डावा पाय दुमडलेला, उजवा सरळ समोर. चापट बसली होती त्याच्या गुडघ्यावर, आणि कळ आली ती नागाबाईला. सदतीस वर्षांपूर्वीची पळी जणू आत्ता वाजली.

ती कशीबशी खाली टेकली, स्वतःचा पाय पसरून. "कवापासून मांडी घालत न्हाई ह्यो?"

"चार महिने झाले असतील, मावशी," गीतांजली ओशाळून म्हणाली. "शाळेतून बी तक्रार हाय. प्रार्थनेला पाय पसरून बसतो म्हणं. लई लाडावलाय."

"शिवम, बेडूक येतो का रे तुला?"

भाकरी खाली ठेवून पोरगं फडक्याशेजारी उताणं झालं. नागाबाईनं तळव्याला तळवा लावून दिला. डावा गुडघा फरशीपर्यंत गेला. उजवा अर्ध्यावर अडकला. पोरानं जोर लावला, ओठ दाबले, पण गुडघा काही खाली जाईना. नागाबाईनं खाली हात घातला, पुरी वीत मावली. आपण यंत्राला भ्यालेलं लेकरू समजलो, आपण! सगळ्या जगाला कळलं नसतं तरी आपल्याला कळायला पाहिजे होतं, असं म्हणत ती उठली.

"रामलिंग, त्याच्या खुब्याचा फोटो काढ."

"चिठ्ठीवर गुडघा हाय."

"चिठ्ठी चुकली."

"मग चिठ्ठी बदलून आण," रामलिंग शांतपणे म्हणाला. "तू म्हणतीस म्हणून मी लेकरावर किरण टाकू? उद्या आनखी कोन म्हनंल, परवा आनखी कोन." तिला राग आला, पण त्याचं बरोबर होतं. ड्युटीवरच्या डॉक्टरकडे गेली, तर तो पुढच्या लेकराचं प्लास्टर करत होता. "मावशी, दुखतंय गुडघा, फोटो गुडघ्याचा. आठ दिवसांनी बघू," म्हणाला. आठ दिवसांनी हे येणार होते होय? गोळ्यांनी दुखणं थांबतं. दुखणं थांबल्यावर जळकोटाहून लातूरला कोण येतं?

श्रीमंत गोळ्या घेऊन आला होता, गीतांजली फडकं झटकत होती. मग नागाबाईनं नोकरीच्या नऊ वर्षांत केलं नव्हतं ते केलं. स्वतःच्या मोबाइलवरून थेट नांदेडला मॅडमना फोन लावला.

"मॅडम, एक पोरगं हाय. गुडघ्याचा फोटो चांगला आलाय. पण ते मांडी घालत न्हाई."

"बेडूक करून बघितलंस?"

"उजवा अर्ध्यात अडकतोय. वीतभर."

"त्यांना जाऊ देऊ नकोस. डॉक्टरकडे फोन दे."

दहा मिनिटांत नवी चिठ्ठी आली. रामलिंगनं ती दोनदा वाचली, मग यंत्र असं काळजीनं लावलं की जणू त्याचंच लेकरू टेबलावर आहे. शिवम जमेल तेवढा बेडूक झाला. एकच फोटो, एका दमात. पडद्यावर चित्र उमटलं. डावा गोळा गोल, उजवा थोडा बसका आणि जास्त पांढरा. रामलिंग त्याच्याकडे बघतच राहिला. "अय्यो," म्हणाला, आणि स्वतःची खुर्ची नागाबाईकडे सरकवली. ती खुर्ची तो साहेबांनासुद्धा देत नसे.

दोनची एसटी चुकली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी गीतांजली-श्रीमंतला समोर बसवून समजावलं. खुब्याच्या गोळ्याला रक्त कमी पडलंय, त्यामुळं तो सध्या भिजवलेल्या कणकेसारखा मऊ आहे. कमरेच्या हाडाच्या वाटीत नीट बसून राहिला तर वाटीसारखा गोल होऊन घट्ट होईल. बाहेर सरकला तर चपटा होईल. दोन वर्षं लागतील. "बरा होईल का?" श्रीमंतनं विचारलं. मॅडम खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, "लवकर सापडलाय. आशा चांगली आहे. पण शब्द देत नाही."

गीतांजली बाहेर येऊन भिंतीशी रडली. "मी रोज मारत व्हते हो त्याला, मांडीसाठी!"

"गुडघ्यावर मारलंस ना?" नागाबाई म्हणाली. "गुडघ्याला काय धाड भरत न्हाई. माझा बघ." आणि तिनं लुगडं वर करून बिब्ब्याचे डाग दाखवले. कुणाची चूक नाही या दुखण्यात, हे मॅडमनी सांगितलंच होतं, पण गीतांजलीला ते खरं वाटलं ते डाग पाहून.

पुढं नांदेडला एमआरआय झाला. त्यात अर्धा-पाऊण तास ढोल वाजल्यासारखा आवाज, आणि तसूभर हलायचं नाही. यंत्रात धातू चालत नाही, म्हणून शिवमच्या आजीनं बांधलेला करदोटा, त्यातला तांब्याचा ताईत, सगळं काढून सोबत आलेल्या आजीच्याच मुठीत दिलं. आदल्या रात्री नागाबाईनं फोनवर शिकवलं होतं, "आत गेलास की ओंडका व्हायचं. ओंडक्यावर कावळा बसला तरी ओंडका हलत न्हाई." पोरगं हललं नाही. बाहेर आल्यावर म्हणालं, कावळा आलाच नाही.

मग दोन्ही पायांना प्लास्टर, मध्ये आडवी काठी, सहा आठवडे. मग पट्टे, व्यायाम, उड्या बंद. श्रीमंत पोराला शाळेत खांद्यावरून न्यायचा. दर तीन-चार महिन्यांनी फोटोला आलं की फोटोआधी नागाबाईची मोजणी, "हो बेडूक!" गुडघ्याखाली हात घालून बोटं मोजायची. वीतभराची चार बोटं झाली. मध्येच पुन्हा पाच झाली, त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. ग्यानोबानं शर्यतीचा विनोद केला, तोही चालला नाही. मग तीन, मग दोन. यंदाच्या दसऱ्याला फोटो पाहून मॅडम हसल्या. गोळा गोल भरत आला होता. गुडघ्याखाली मात्र एक बोट अजून मावत होतं, आणि नागाबाईचा फोटोपेक्षा बोटावर विश्वास जास्त.

यंदा श्रीमंतकडून येळवशीचं, म्हणजे वेळ अमावास्येचं, आवतन आलं. मार्गशीर्षातली अवस. आपल्या भागात त्या दिवशी गाव ओस आणि शेतं भरलेली. ग्यानोबाला घेऊन ती सकाळच्या एसटीनं निघाली. रानात कडब्याची खोपटासारखी कोप उभी, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले, हरभरा घाट्याला आलेला. पूजा झाली, आंबील शिंपून झाली. कोपीसमोर तळवट अंथरला आणि पानं मांडायला घेतली. नागाबाईनं सवयीनं पदर खोचला आणि आंबिलीच्या मडक्याला हात घातला.

गीतांजलीनं मडकं तिच्या हातातून काढून घेतलं. "मावशी, आज तुमी बसायचं."

"मी मागून बसते गं."

"न्हाई. पहिल्या पंगतीला."

तेवढ्यात शिवम पळत आला. तळवटावर टेकला आणि मांडी घातली. सहज, बघत कुणी नसल्यासारखी. नागाबाई खाली वाकली आणि त्याच्या उजव्या गुडघ्याखाली बोट घालायला गेली. करंगळीसुद्धा शिरली नाही. "गुदगुल्या होतेत, मावशी," तो म्हणाला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती चारचौघांत घळाघळा रडली. तिला लाज वाटली नाही.

मग ती त्याच्याशेजारी बसली. डावा पाय समोर पसरला, त्याला दुसरी जागाच नव्हती. समोरच्या म्हाताऱ्यानं तिच्या पायाला जागा करत आपलं पान थोडं मागं ओढून घेतलं. शिवमनं तिच्या पायाकडे पाहिलं, आपली मांडी मोडली, आणि आपलाही पाय तिच्या पायाशेजारी सरळ पसरून दिला.

गीतांजली पालेभाज्या-दाण्यांच्या भज्जीचं पातेलं घेऊन वाढत येत होती. तिनं पाहिलं. "मांडी घा..." एवढं तोंडातून आलं, आणि ती तिथंच थांबली. मग तिनं दोघांच्याही पानात भज्जी वाढली आणि पुढं गेली.

त्या दिवशी नागाबाई पहिल्या पंगतीला जेवली, आणि भज्जी दोनदा मागून घेतली.